डॉक्टरांच्या गाडीचा नंबर

आबा,

परवा डॉक्टरांची काळी गाडी लिलावाला आली होती. तीच, गोल पाठीची, जिच्या मागच्या सीटवर तुम्ही मला कधी बसू दिलं नाही. त्या लिलावात, हॉटेलच्या हिरवळीवर उभी राहून, लोकांच्या देखत मी तुमचं नाव घेतलं. चांगल्या कारणासाठी नाही घेतलं. तेव्हापासून घास गिळवत नाही, म्हणून हे लिहायला बसलेय. तुम्ही ओळीखाली बोट धरून वाचायचात, त्यामुळं अक्षर मोठं काढतेय. बघा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, शहराच्या पाट्यांवर औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, माझे केस पांढरे झाले, आणि मी अजून अक्षराचीच काळजी करतेय.

आधी जुन्या गाड्यांचं आता काय झालंय ते सांगते, नाहीतर तुमचा विश्वासच बसायचा नाही. तुमच्या वेळी जुनी विलायती गाडी म्हणजे मालकाच्या डोक्याला ताप. पार्ट मिळत नाहीत, पेट्रोल पिते, मग भंगारवाला येऊन वजनावर घेऊन जायचा. आता त्याच गाड्यांचे लिलाव होतात. गुळगुळीत कागदावर पुस्तक छापतात, प्रत्येक गाडीचे दहा-दहा फोटो, आणि पुण्या-मुंबईची माणसं खुर्च्यांवर बसून हातातल्या पाट्या वर करतात. एका गाडीच्या पैशात इथं दोन फ्लॅट येतील, असा भाव बोलतात आणि वर चहा पितात. गंमत म्हणजे रंग उडालेला असला तरी मूळचा असेल तर किंमत जास्त! सीट फाटलेली, पण कारखान्यातलीच, म्हणून जास्त! तुम्ही आयुष्यभर घासून घासून आरशासारखं केलंत ते सगळं ह्यांच्या दृष्टीनं नुकसान. तुम्ही कपाळाला हात लावून बसला असतात.

आणि ह्या सगळ्यात माझं काम काय, तर मी गाड्या तपासते. आधी विम्याच्या कंपन्यांसाठी अपघाताच्या गाड्या बघायचे, ते तुम्हाला माहीत आहे. आता लिलावाच्या आधी गाडीखाली शिरून, पत्रा वाजवून, कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतरचा ते लिहून देते. माझ्या सहीवर भाव ठरतो. त्यातही सगळ्यात वरची गोष्ट म्हणजे चासीवरचा नंबर. गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर कारखान्यानं ठोकलेला आकडा आणि कागदावरचा आकडा पहिल्या दिवसापासून तोच असला, तर गाडी खरी. तो नंबर कुणी पुन्हा मारलाय असं कळलं, की मग गाडी कितीही देखणी असू द्या, वर गेलेले हात खाली येतात. आपल्या शहरातले गाड्यांचे शौकीन मला बोलावतात ते माझ्या डिप्लोम्यासाठी नाही. ‘मिस्त्रींची मुलगी आहे, हिच्या बापानं कधी पुट्टी थापून पोचा लपवला नाही,’ असं म्हणून बोलावतात. माझी भाकरी तुमच्या नावावर चालते, आबा, ही गोष्ट पुढचं वाचताना ध्यानात असू द्या.

तर डॉक्टरांची मुलगी आली होती. तुम्ही त्यांना पांढऱ्या फ्रॉकवर सायकल चालवताना पाहिलेलं, पण त्या कॉलेजात असल्यापासून मी ताईच म्हणते. आता सत्तरीच्या आहेत, गुडघे गेलेत, नवरा नाही, मुलगा परदेशात. दिराच्या नावावरच्या बंगल्यात एकट्या राहतात, आणि जिन्यावरून दोनदा पडल्यात. पुण्याला वयस्कर लोकांसाठी एक सोसायटी आहे, तिथली एक खोली त्यांनी बघून ठेवली होती. डॉक्टर आहे, नर्स आहे, दोन वेळचं जेवण आहे. त्या खोलीचे पैसे एकरकमी भरायचे होते आणि ते गाडीतून यायचे होते. ‘बाबांनी जाताना मला काय ठेवलं तर ही गाडी,’ असं हसून म्हणाल्या, आणि माझा हात हातात धरून बसल्या. ‘तू तपासणार म्हटल्यावर मी निर्धास्त आहे गं. तुमच्या घरचाच हात लागलाय तिला.’ मीही हसले. मूर्खासारखी हसले, कारण तेव्हा मला काही आठवलंच नव्हतं. खरंच नव्हतं. इतकी वर्षं त्या गोष्टीवर मी इतकं सामान रचून ठेवलं होतं की ती खाली आहे हेच विसरले होते.

लिलाव चार वाजता होता आणि मला तीनच्या आत कागद द्यायचा होता. गाडी अकराला माझ्या हातात आली. पत्रा वाजवला, तुमचाच. डावं मडगार्ड तुम्ही तेलाच्या पिंपाच्या पत्र्यातून घडवलेलं, ते मी हातानंच ओळखलं आणि खुशाल ‘हातानं घडवलेलं, उत्तम काम’ असं लिहिलं. मग चटई टाकून खाली शिरले, रॉकेलच्या फडक्यानं चासी पुसली आणि बॅटरी मारली. नंबर दिसला. कागदाशी आकडा न् आकडा जुळत होता. मी पेन काढलं. आणि मग त्यातला नऊ दिसला. बाकीच्या आकड्यांना कारखान्यासारखी सरळ, ताठ वळणं, आणि नऊची शेपटी मात्र आत वळलेली. तो नऊ नव्हताच. तो उलटा धरून ठोकलेला सहा होता. प्रत्येक आकड्याच्या कडेला एक बारीक सावली होती, दोन हलके ठोके आणि तिसरा भारी, असं मारल्यावर पडते तशी. आबा, असं ठोकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय. बाहेर लिलावाचे मॅनेजरसाहेब विचारत होते, ‘मॅडम, काही प्रॉब्लेम?’ आणि मी गाडीखालूनच नाही म्हणाले.

तुम्हाला ती पुट्टीची गोष्ट आठवते का? मी दहा वर्षांची असेन. मोंढा नाक्याजवळच्या आपल्या शेडमध्ये शाळा सुटल्यावर मी यायचे आणि तुम्ही मला एक जुनं दार दिलं होतं सरावाला. त्यातला पोचा मला ठोकून निघेना. मग मी डब्यातली पुट्टी थापली, पॉलिश पेपरनं घासली, वर रंग मारला आणि ऐटीत तुम्हाला दाखवायला आणलं. तुम्ही बघितलंसुद्धा नाही. बोटाच्या गाठीनं एकदा वाजवलंत, टक्क ऐवजी डब्ब आवाज आला, आणि तुम्ही पातं घेऊन सगळं खरवडून काढलंत, सगळ्यांच्या समोर. ‘झाकायलीस कशाला? खड्डा असंल तर खड्डा हाय म्हण. झाकलेला खड्डा दुसऱ्याच्या जिवावर उठतोय.’ मी रडले, तरी तुम्ही पाघळला नाहीत. नंतर चहाच्या टपरीवर मला एक क्रीमरोल घेऊन दिलात आणि आजोबांची गोष्ट सांगितलीत. देवगाव रंगारीच्या शिवारात आजोबा मेंढरं राखायचे. आपल्या घराण्याची खूण म्हणजे मेंढराच्या डाव्या कानाला वरून एक काप. त्यांच्या चुलतभावानं वाट चुकून आलेल्या एका मेंढराच्या कानावर आपला काप मारून जुनी खूण मोडली, तर आजोबांनी त्याच्या घरचं पाणी पिणं सोडलं ते मरेपर्यंत. ‘मेंढरू बोलत नाय, म्हणून खूण बोलती,’ तुम्ही म्हणालात. ‘ती मोडणारा माणूसच नव्हं.’ मी क्रीमरोल खात खात सगळं डोक्यात साठवून घेतलं.

आणि त्यानंतर महिना-दीड महिन्यातच तो रविवार आला. सुट्टीचा दिवस, भर दुपार, शेडचं शटर अर्धं खाली ओढलेलं. डॉक्टरांच्या गाडीची चासी मागून सडली होती, हात लावला तर पापुद्रे निघायचे. डॉक्टरांनी जालन्याच्या भंगारातून त्याच जातीच्या गाडीची धड चासी आणली होती. तिच्यावर दुसराच नंबर. तो ठेवला असता तर कागद रद्द, गाडी रस्त्यावर आणायची सोय नाही. डॉक्टर आदल्या दिवशी येऊन तुमच्यापुढं हात जोडून उभे राहिले होते, मी पाहिलंय. ज्या माणसानं मला विषमज्वरात महिनाभर घरी येऊन तपासलं आणि आईनं पुढं केलेली दहाची नोट परत तिच्या पदरात टाकली, तो माणूस तुम्हाला हात जोडत होता. लिलावबिलाव तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. एका म्हाताऱ्या माणसाला आपली गाडी चालवायची होती, एवढंच. तरी तुम्ही त्या दुपारी तासभर नुसते बसून होतात. मी दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा गार झाला. मग तुम्ही ग्राइंडर लावून त्या चासीवरचा नंबर घासून टाकलात आणि मला म्हणालात, ‘बॅटरी धर.’

लोखंडावर आकडे ठोकायच्या पंचांची तुमची पेटी तुम्ही उघडलीत. रेल्वेच्या वर्कशॉपमधून आलेला तो विलायती संच, दहा पंचांचा. बाजारातल्या संचात सहा उलटा धरूनच नऊ करतात, आपल्या संचात मात्र नऊ वेगळा होता, सरळ शेपटीचा. तुम्ही सगळ्यांना दाखवत फिरायचात की असा नऊ साऱ्या मराठवाड्यात नाही. आणि त्या दिवशी नऊची खाच रिकामी. तुम्ही पेटी उलटी केलीत, बाकडं सरकवलंत, मला विचारलंत. मी नाही म्हणाले. आदल्या दिवशी वेल्डिंगवाल्या चाचांनी ट्रॉलीवर नंबर टाकायला पेटी नेली होती. ते शेजारच्या शेडमध्येच होते, रविवारीसुद्धा काम करायचे. तुम्ही शटरखालून वाकून त्यांना हाक मारलीत. ‘चाचा, पंच तुमच्याकडनंच गेला.’ चाचा हातातला चष्मा पुसत आले. ‘मैं नई लिया भाई. डब्बा जैसा लिया वैसाइच दिया.’ तुम्ही म्हणालात, ‘मंग काय त्याला पाय फुटले व्हय?’ चाचांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. तुमच्याकडं बघत राहिले आणि परत गेले. बारा वर्षं एका डब्यात जेवलेली तुम्ही दोघं माणसं, त्या दिवसानंतर तुम्ही आपला चहा वेगळा मागवायला लागलात.

मग तुम्ही सहा उलटा धरलात. दोन हलके, एक भारी. बॅटरीच्या उजेडात लोखंडाचे कण उडताना मी बघत होते. सगळे आकडे झाल्यावर तुम्ही त्यावर काळा रंग मारलात, ब्रश घासलेटात बुडवलात आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, ‘हे कुणाला बोलायचं नाय.’ आणि मी काय म्हटलं ते तुम्ही मरेपर्यंत विसरला नसाल. मी तोंडाळ, लहानपणापासूनच. मी म्हटलं, ‘खड्डा असला तर खड्डा म्हणायचं ना, आबा?’ मला वाटलं आता कानाखाली बसतेय. तुम्ही मारलं नाही. हात पुसत बाहेर गेलात. त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. तुमची कीव येण्याइतकी अक्कल यायला मला पंचवीस वर्षं लागली.

आता परवाचं. अडीच वाजले तरी माझ्या कागदावर नंबरापुढची जागा कोरी. मॅनेजरसाहेब घामाघूम. ‘मॅडम, नंबर कागदाशी जुळतोय ना? मग टिक मारा आणि मोकळ्या व्हा. पुण्याची पार्टी फक्त ह्याच गाडीसाठी आलीय, दोन जण फोनवर आहेत.’ मी म्हटलं, नंबर जुळतोय, पण मूळचा नाही. साहेबांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. ‘हे कुणाला दिसणार आहे? एवढं खाली वाकून बघतंय कोण?’ खरं होतं, आबा. कुणीच वाकणार नव्हतं. वाकणारं माणूस म्हणून त्यांनी मला ठेवलं होतं. मी टिक मारली असती तर ताई पुण्याच्या खोलीत सुखात राहिल्या असत्या, तुमचं नाव तसंच उजळ राहिलं असतं, माझं काम चालू राहिलं असतं. आणि पुण्याच्या त्या माणसानं खऱ्याचे पैसे मोजून खोटं नेलं असतं. त्याची कीव मला येत होती असं समजू नका, सोन्याचं घड्याळ घालून दोन माणसं छत्री धरायला ठेवणारा प्राणी होता तो. पण कागदावर सही माझी होती. मी तीनदा पेन टेकवलं आणि तीनदा उचललं. तुमचा तो डब्ब आवाज कानात वाजत होता. चिडून मी स्वतःशीच म्हटलं, शिकवायचं कशाला होतं मला असलं काही? खरंच आबा, कशाला शिकवलंत?

मी लिहिलं, ‘चासी बदललेली, नंबर नंतर मारलेला.’ आणि साहेबांच्या हातात देण्याआधी ताईंच्या खुर्चीपाशी गेले, कारण हे त्यांना माईकवरून कळणं बरं नव्हतं. त्यांनी एकदा वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. ‘नंबर बदललाय? शक्यच नाही. बाबांनी ही गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात दिलीच नाही कधी. फक्त तुझ्या…’ आणि थांबल्या. आजूबाजूच्या दोन-चार खुर्च्या वळल्या. त्यात गाड्यांचे ते आपले शौकीनही होते, जे मला मिस्त्रींची मुलगी म्हणतात. तिथं मला अजून वाट होती. कुणी मारला माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. जीभ तिकडं वळलीसुद्धा होती. मी म्हटलं, ‘होय ताई. माझ्या आबांनीच मारलाय. बॅटरी मी धरली होती.’

ताईंचा चेहरा मला विसरता येत नाही. ‘आमच्या बाबांनी तुला मरणाच्या दारातून ओढून आणलं,’ त्या म्हणाल्या. मी म्हटलं, माहितीये, म्हणूनच आबांनी ते केलं. ‘आणि तू हे असं फेडतेस?’ मी कागद त्यांच्या हातातून घेतला आणि साहेबांना नेऊन दिला. शौकिनांपैकी एक जण, ज्यांच्या तीन गाड्या तुम्ही केल्या होत्या, उठून पाण्याच्या टेबलाकडं गेले आणि जाताना माझ्याकडं बघणं त्यांनी टाळलं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या घरी गाड्यांच्या खाली वाकून नंबर बघणं सुरू झालं असणार. बघू द्या. त्यांच्या गाड्यांवर तुम्ही नंबर मारलेला नाही हे मला माहीत आहे, पण आता माझ्या सांगण्याला तेवढं वजन उरलं असेल की नाही, देव जाणे.

चार वाजता माईकवर माझी ओळ वाचून दाखवली. पुण्याच्या माणसानं पाटी शेजारच्या खुर्चीवर पालथी ठेवली आणि मोबाईल काढला. फोनवरचे दोघं गेले. लिलाव पुकारणारा एकच आकडा घोकत राहिला, खाली आला, अजून खाली आला. ताई मांडीवर पर्स घट्ट धरून समोर बघत होत्या. मग मागच्या रांगेतून नाशिककडचे एक गृहस्थ, बायकोला घेऊन आलेले, त्यांनी हात वर करून भाव बोलायच्या ऐवजी सरळ विचारलं, ‘गाडी चालते का पण? आम्हाला फिरायला पाहिजे, ठेवायला नको.’ लोक हसले. पुकारणाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी उभी राहिले. ‘चालते,’ मी म्हटलं. ‘चासी बदलली म्हणून चालते. जुनी असती तर कधीच मोडून पडली असती. खालचं काम एक नंबर आहे, त्याची हमी मी लिहून देते. तेवढा नंबराचा खुलासा तुम्हाला आरटीओत करावा लागेल.’ त्यांनी बायकोकडं बघितलं, तिनं मान हलवली, आणि गाडी त्यांना गेली. जे आले त्यात ताईंची खोली होत नाही. अर्धीसुद्धा होत नाही.

फाटकापाशी मी त्यांना रिक्षात बसवायला गेले. हात पुढं केला, तो त्यांनी धरला नाही, दांडीला धरून स्वतःच चढल्या. गुडघ्याला कळ आलेली मला दिसली. बसल्यावर म्हणाल्या, ‘एक सांग. तू गप्प राहिली असतीस, तर कुणाला कळलं असतं?’ मी म्हटलं, ‘कुणालाच नाही.’ त्यांनी मान डोलावली, रिक्षावाल्याला पत्ता सांगितला आणि गेल्या. त्यानंतर मी दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. उचलायला पाहिजे असंही काही नाही.

माझ्या पिशवीत अजून तुमचं लोहचुंबक असतं. डिप्लोमा झाला त्या दिवशी दिलेलं, जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेलं, रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून आईच्या लुगड्याच्या तुकड्यात शिवलेलं. चांगल्या पत्र्याला चिकटतं, पुट्टी असली की गळून पडतं. हजारांची यंत्रं आली, तरी मी आधी तेच लावते. परवा घरी येऊन मी ते टेबलावर ठेवलं आणि शेजारी कपाटातला माझा शाळेतला कंपास ठेवला. हा कंपास मी कधी टाकून दिला नाही, आणि कुणासमोर उघडलाही नाही.

नऊ त्यात होता, आबा. तुमचा नऊ. त्या रविवारच्या आठवडाभर आधी मी तो पेटीतून उचलला होता. साबणाच्या वडीवर ठोकलं की त्याची सरळ शेपटी फार सुंदर उमटायची, एवढंच कारण. परत ठेवणार होते. तुम्ही पेटी उलटी केलीत तेव्हा तो माझ्या दप्तरात होता, अभ्यासाला म्हणून रविवारीही आणलेलं ते दप्तर माझ्या पाठीवर होतं, आणि मी नाही म्हणाले. पुट्टीला तुम्ही एवढे तडकलात, तर चोरीला काय कराल, ह्या भीतीनं तोंड उघडलं नाही. मग चाचांचं झालं, आणि त्यानंतर तर तोंड उघडणं शक्यच नव्हतं. मी तो तुमच्या हातात दिला असता तर तुमचा नंबर असा उतरला असता की परवा मीच काय, कारखान्याच्या बापानंही तो दुसऱ्यांदा निरखून बघितला नसता. ताईंना खोली मिळाली असती. तुमचं नाव राहिलं असतं. तुम्ही आणि चाचा एका डब्यात जेवत राहिला असतात. परवा मी तुमचं खोटं चारचौघांत सांगितलं आणि लोकांना वाटलं काय सच्ची बाई आहे. माझं मी सांगितलं नाही.

चाचा अजून आहेत. रोषन गेटला त्यांच्या मुलाचं वेल्डिंगचं दुकान आहे, बाहेर खुर्ची टाकून बसलेले असतात, डोळ्यांनी कमी दिसतं. मी त्या रस्त्यानं कितीदा तरी जाते आणि मान दुसरीकडं करते. आज सकाळी मात्र पंच रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि निघाले. काय बोलायचं ते ठरवलंसुद्धा होतं. मोंढा नाक्यापर्यंत गेले आणि रिक्षावाल्याला म्हटलं, भाऊ, वळवा. घरी आले आणि तुम्हाला लिहायला बसले, कारण तुम्ही काही विचारणार नाही.